दुसरा पेला

हेमगडच्या दरबारात दिवाण त्र्यंबकपंत नाचायचेच काय ते बाकी होते. "महाराज, घरोघरी विचारून आलो. राज्यात एकही माणूस उदास नाही! आता तो उदास माणसांचा दवाखाना पाडू आणि तिथे माझा पुतळा बसवू."

दवाखाना चालवणाऱ्या वैद्य चिमाबाई पुढे आल्या. "पंत, विचारलंत तरी काय?"

"हेच, की एवढे दयाळू महाराज असताना तुम्ही उदास तर नाही ना?"

चिमाबाईंनी एक पेला त्यांच्या हातात दिला. पंतांनी तो घटाघट संपवला. मिशा थरथरल्या, डोळ्यांतून पाणी आलं.

"महाराजांनी स्वतः लावलेल्या कारल्यांचा रस आहे. आवडला नाही, असं तर नाही ना?"

पंतांनी महाराजांकडे पाहिलं. "छे छे! अमृत आहे, अमृत!"

"मग दुसरा पेला भरू?"

"नको!" पंत किंचाळत खांबामागे पळाले.

दरबार खो खो हसला. महाराजांनी तर पोटच धरलं. "बाई, दवाखाना राहील. आता प्रश्नही तुम्हीच विचारा."

"मग तुमच्यापासूनच सुरुवात करते. महाराज, हल्ली झोप कशी लागते?"

महाराजांचं हसू विरलं. खाली वाकून ते हळूच म्हणाले, "दवाखाना सकाळी किती वाजता उघडतो?"