पाठमोरे मोर

लॅपटॉपच्या चार्जिंगवर चालणारे छोटे मॉनिटर नुकते त्याच्यासोबत पिशवीत बसून गावोगाव फिरू लागले होते, तेव्हाची गोष्ट. पैठणीची नक्षी काढणाऱ्या मृदुलाताईंच्या लॅपटॉपला सोबतच्या स्वस्त मॉनिटरचा राग यायचा. "चित्र माझं, चार्जिंगही माझंच. तू नुसता आयतं खातोस," तो म्हणायचा. मॉनिटर ऐकून घ्यायचा.

येवल्यात ताईंनी मॉनिटर मागावर बसलेल्या पार्वताबाईंकडे वळवला. एरवी त्या ताईंच्या खांद्यावरून अर्धंमुर्धं पाहून मान डोलवायच्या. आज नीट बघून हळूच म्हणाल्या, "लग्नाची पैठणी ना ताई? मग मोरांनी एकमेकांकडे पाठ का केलीये?"

विणायला घेण्याआधीच ताईंनी मोर समोरासमोर आणले.

मॉनिटरच्या पाठीला पाठ लावून बसलेला लॅपटॉपने समोरासमोर आलेले मोर पाहिले. मग म्हणाला, "चार्जिंग पुरतंय ना रे तुला? अजून घे."