लाखेने सांधलेली पथरी

"सात पथऱ्या आहेत. त्यातली अव्वल कोणती, ते दुपारच्या आत सांगायचं. पण एकीवरही वस्तरा टेकवायचा नाही!"

भुजंगराजे एकदा बोलले की बोलले! म्हातारा कोंडाजी न्हावी दरबारात हात जोडून उभा होता. धार लावायचा दगड पारखायचा, आणि त्यावर धार लावायची नाही! आंबा गोड आहे का सांगा, पण चाखू नका, असला हा हुकूम.

राजांना जुन्या पथऱ्या जमवायचा भारी नाद. गुलाबशेट नावाचा व्यापारी गावोगावहून त्या आणायचा आणि राजांच्या गळ्यात मारायचा. राजे त्या मखमलीवर मांडत आणि कुणी जवळ गेलं की ओरडत, "झिजेल ना!" त्यामुळे एवढं भांडार असून राजांचा स्वतःचा वस्तरा मात्र धारेसाठी कोंडाजीच्या घरी जायचा. आता शेजारचे राजे पाहुणे येणार होते, आणि त्यांच्यापुढे अव्वल पथरी मिरवायची होती.

"नाही ओळखलीस तर राजन्हाव्याचं काम गेलं," राजे म्हणाले, "आणि त्या कामाचं म्हणून दिलेलं ओढ्याकाठचं शेतही गेलं!"

कोंडाजीच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगायचं तर दाढी तो करायचा, पण घरी बसून वस्तऱ्यांना धार लावायची ती त्याची सून सगुणा. तो धापा टाकत घरी गेला आणि तिला घेऊन आला.

सगुणा पदर सावरून मखमलीजवळ वाकली.

"हात लावू नकोस!" राजे ओरडले.

"नाही लावत, महाराज. पण बघितलं तर चालेल ना? बघून झिजत नाहीत!"

राजांनी मिशीवरून हात फिरवला आणि मान हलवली.

पहिल्या सहा पथऱ्या आरशासारख्या गुळगुळीत. मधोमध शेटची लाडकी, काळी कुळकुळीत. सातवी बिचारी कडेला. तिचे कधीतरी दोन तुकडे झालेले, मध्ये लाखेचा सांधा, कडेने तांब्याची पट्टी. ती शेटने फुकटच दिली होती.

सगुणाने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि शेवटच्या पथरीकडे बोट केलं. "ही!"

दरबार खो खो हसला. गुलाबशेट तर पोट धरून हसला. "महाराज, फुटका दगड अव्वल? अव्वल माझी काळी!"

"शेटजी," सगुणा म्हणाली, "आमच्यात पथरी फुटली की लोक काय करतात, माहीत आहे? उकिरड्यावर टाकतात आणि दुसरी आणतात. ही मात्र कुणा न्हाव्याने लाख वितळवून सांधली, कडेने पट्टी ठोकली, सांधा वस्तऱ्याला अडू नये म्हणून घासून घासून सपाट केला. वाईट दगडासाठी एवढी उस्तवार कोण करील? आणि तुमच्या सहांवर बघा, वस्तऱ्याचा माग एकीवर तरी आहे का? कुणी वापरल्याच नाहीत!"

राजे पुढे सरकले. "बोलणं पटतंय. पण पुरावा?"

"पथरी सांगून झाली, महाराज. आता तुमची अट संपली. मामंजी एक वस्तरा काळीवर लावतील आणि एक सांधलेलीवर. सांधलेलीवरचा तुमच्या गालावर फिरेल, आणि काळीवरचा शेटजींच्या!"

गुलाबशेटचं हसू जागच्या जागी थिजलं. त्याने दोन्ही हातांनी गाल झाकले.

"आज... आज मंगळवार! मंगळवारी आम्ही दाढी करत नाही!"

"मग उद्या," सगुणा म्हणाली.

"उद्या आमच्या आजोबांचं श्राद्ध!"

"परवा?"

"परवा... आजीचं!"

"शेट!" राजे गरजले. "तुमची आजी गेल्या महिन्यात आमच्याकडे हळदीकुंकवाला आली होती! बसा त्या पाटावर!"

शेट अंग चोरून पाटावर बसला. कोंडाजीने गालाला पाणी लावलं आणि काळ्या पथरीकडे हात नेला. तेवढ्यात शेट किंचाळला, "थांब रे बाबा! माझ्यासाठीसुद्धा त्या फुटकीवरच लाव!"

मग भुजंगराजे असे हसले, असे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं आणि पगडी कानावर आली.

"कोंडाजी, काम तुझं, शेत तुझं! आणि मुली, पथरी तुझी! रोज सकाळी आमचा वस्तरा हिच्यावरच लागला पाहिजे."

"झिजेल ना, महाराज!"

"झिजू दे!" राजे डोळे पुसत म्हणाले. "पाहुण्यांना आम्ही आमचा गाल दाखवू!"