पहिली हाक

डोंगराच्या सावलीत कातळवाडी म्हणून एक गाव होतं. तिथे अंधार पडल्यावर पहिल्या हाकेला कुणी ओ देत नसे. कारण त्या डोंगरात एक रक्तपिशाच्च राहत होतं. रात्री ते एखाद्या दारासमोर येई आणि हाक मारी. फक्त एकदा. ओ मिळाली तरच त्याची जीभ सुटे. नाहीतर त्या रात्रीपुरतं ते मुकं होई. दोनशे वर्षं ते मुकंच, ऊन लागून राख होण्याआधी, डोंगरात परत जात होतं. त्यानं कुणाचं वाईट केल्याचं कुणीही पाहिलं नव्हतं. पण नियम म्हणजे नियम!

एका रात्री बहिऱ्या आत्याकडे झोपायला आलेल्या येसूनं ती हाक ऐकली. आठ वर्षांची पोर. तिला थांबणं ठाऊकच नव्हतं. "कोण रे?" म्हणत ती खिडकीत आली.

बाहेर तिच्याएवढाच मुलगा उभा होता. मेणासारखा पांढरा. चांदणं असून सावली नव्हती. तो गोंधळला. उत्तर आलं तर पुढे काय बोलायचं, हेच तो विसरला होता.

"तू रक्त पितोस?" येसूनं विचारलं.

"घुशींचं."

"शी! म्हणून असा दिसतोस. फिकट्या!"

तो हसला. सुळे चमकले. येसूनंही आपला पडलेला दात दाखवला.

मग ती रोज आत्याकडे निजायचा हट्ट धरू लागली. एका रात्री आत्याकडून त्याला भेटायला निघाली आणि ओढ्यात घसरली. डोकं दगडावर आपटलं. शुद्ध हरपली. रक्ताच्या वासानं फिकट्या आला. त्याच वासानं एक तरसही आलं.

फिकट्या उपाशी होता. तो त्या रक्ताकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं सदऱ्याची बाही फाडली, जखम बांधली आणि येसूला उचलून तिच्या आईबापांच्या दाराशी आणलं. तरस मागोमाग अंगणात आलं.

"दार उघडा! येसू पडलीय!"

आईनं कडीला हात घातला.

"वेडी आहेस का?" बाप म्हणाला. "येसू अक्काकडे झोपलीय. ही पहिली हाक. माणूस असेल तर पुन्हा मारेल."

दोघं दुसऱ्या हाकेची वाट पाहत उभी राहिली. हाक आली नाही. दारावर नखं घासल्याचा आवाज आला. आईनं कडीवरचा हात काढून घेतला.

उन्हं आल्यावर दार उघडलं. पायरीवर येसू होती. श्वास चालू होता. अंगणभर तरसाच्या पावलांचं रिंगण होतं. आणि येसूच्या पुढ्यात, अंगणाकडे तोंड करून बसलेल्या एका मुलाच्या आकाराची राख.

येसू बरी झाली. आता रात्री हाक आल्यासारखी वाटली की तीच धावत जाऊन दार उघडते. बाहेर बहुतेक वेळा कुणीच नसतं. आईबाप तिला अडवत नाहीत.

तात्पर्य: दाराबाहेर कोण आहे हे दार उघडल्याशिवाय कळत नाही, आणि भीतीनं घालून दिलेला नियम डोळे मिटून पाळणारा माणूस आपल्याच लेकराला बाहेर ठेवतो.