गरम भाताची पंगत

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा चंद्रालासुद्धा दुधाचे दात होते.

एक राज्य होतं. राजा भला होता, प्रजा खाऊनपिऊन सुखी होती, आणि प्रधानजी शिकलेले होते. सणाच्या दिवशी सगळं गाव एकाच पंगतीत जेवायचं, आणि पंगत वयानं बसायची. सगळ्यांत थोरला राजवाड्याच्या दाराशी, मग त्याच्याहून धाकटा, मग त्याच्याहून धाकटा, असं करत शेंडेफळ पार नदीच्या काठाशी. म्हणून त्या गावात वय कोणी लपवत नसे, चार वर्षं वाढवूनच सांगत. हसू नका. वाढपी आधी आपल्या पानाशी यावा असं तुम्हालाही वाटतंच.

रीत चांगली होती. पण वेळेवर येतील ती माणसं कसली? पंगत खेटून बसलेली, मध्ये बोटभर फट नाही. अशात एखादा पन्नाशीचा पाहुणा उगवला, की त्याची जागा बरोबर मध्यावर. मग त्याच्याहून धाकटे सगळे आपापलं पान उचलून एकेक पाट खाली सरकत. वरण सांडे, लाडू शेजाऱ्याच्या पानात मुक्कामाला जाई, आणि शेवटचं पोर नदीत बसे. हे निस्तरतंय तोवर दुसरा पाहुणा दारात. आणि पंगत नीट लागल्याशिवाय घास उचलायचा नाही, ही त्या गावाची दुसरी रीत.

याचं दुःख एकाच बाईला होतं. ती म्हणजे गोजराबाई, राजाची आचारीण. भात असा मोकळा शिजवी, की शितं एकमेकांना ओळख देत नसत. पण तो गरम असा कोणी खाल्लाच नव्हता, अगदी राजानंही नाही. लोक जेवून उठताना मनापासून म्हणत, "काय सुरेख गार भात झाला होता, गोजराबाई." ते ऐकून तिला चुलीत उडी घ्यावीशी वाटे.

प्रधानजींनी एकदा उपाय काढून पाहिला होता. उशिरा येईल त्यानं सरळ शेवटी बसायचं. त्या वर्षी नेमके राजाचे सासरे उशिरा आले. राजा त्यांना थोरल्यांत शोधतोय, आणि सासरे खाली रांगत्या पोरांच्या पलीकडे. एका पोरानं त्यांची दाढी वरणात बुडवून चोखली. सासरे जे रुसले, ते अजून रुसलेलेच आहेत.

उपाय फसला, तेव्हा प्रधानजी राजाच्या कानाला लागले. म्हणाले, दोष पंगतीचा नाही, ही बाई भातच गार शिजवते. राजा भला होता म्हणून सांगितलंच आहे. भल्या माणसाला काहीही पटतं. त्यानं हुकूम सोडला, की येत्या सणाला भात गार निघाला तर आचारीण दुसरी.

गोजराबाई कणीक मळायला बसली. रागानं मळता मळता गोळा परातीबाहेर जायला लागला, तसा तिनं तो सवयीनं तोडून दोन केले. आणि हात थांबला. ती तशीच पिठाच्या हातांनी दरबारात गेली.

"महाराज, या खेपेला पंगत मी मांडते. भात गार निघाला तर माझा झारा नदीत टाका. गरम निघाला तर उष्टी पानं प्रधानजी उचलतील."

राजाला गंमत वाटली. प्रधानजींना वाटली नाही.

सणाच्या दिवशी गोजराबाईनं अंगणभर आखूड आखूड ओळी मांडल्या. वयाचा क्रम तोच, पण प्रत्येक ओळीत थोडे पाट रिकामे. ओळीतला थोरला तो म्होरक्या. स्वतः झारा घेऊन ती फाटकात उभी राहिली. येणाऱ्याचं वय ऐकायचं, म्होरक्यांवरून नजर फिरवायची आणि त्याला नेमक्या ओळीत धाडायचं. तिथं चौघे हलले, की तो बसला.

रिकामे पाट पाहून प्रधानजींनी नाक मुरडलं. राजाच्या घरी माणसं कमी पडली की काय, म्हणाले.

"प्रधानजी, दूध तापवताना भांडं काठोकाठ भरता का हो?" गोजराबाई म्हणाली. "तुम्ही कशाला तापवाल म्हणा."

पण प्रधानजींनीही डाव टाकला होता. आजोळचे आडदांड मावसभाऊ, सगळे जवळपास एकाच वयाचे, मुद्दाम शेवटी यायला सांगितलेले. ते आले, आणि सगळे एकाच ओळीत शिरले. रिकामे पाट संपले. एक मावसभाऊ उभाच. तिकडे भाताची पातेली उतरलेली, वाफ चाललेली. प्रधानजी मिशीत हसले.

गोजराबाईनं झारा त्या ओळीच्या मधोमध धरला. "इथून खालचे उठा. पानं घ्या, आणि त्या आंब्याखाली नवी ओळ धरा. तुमच्यातला थोरला तुमचा म्होरक्या."

"ती ओळ तर कुठल्या कुठे गेली," प्रधानजी म्हणाले.

"जाऊ दे की. तिचा म्होरक्या कोण, तो कुणानंतर, ते मला ठाऊक आहे. वाढपी माझ्या झाऱ्याकडे बघून जातील."

एका ओळीच्या दोन झाल्या, दोन्हींत पुन्हा जागा झाली, आणि उभा मावसभाऊ बसला. बाकीच्या ओळींना पत्ताही नाही. दाराशी एक आजोबा विचारत होते, कुणी आलं का रे?

भात वाढला गेला. राजानं मोठा घास घेतला, आणि त्याचे डोळे पाण्यानं भरले. जीभ बाहेर आली. गोजराबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

"गोजराबाई," राजा म्हणाला, "भात चावला मला." मग खदखदून हसला. "आणखी वाढ."

गरम घासावर फुंकर घालायची असते, हे त्या राज्यात कुणालाच माहीत नव्हतं. गोजराबाईनं शिकवलं. मग सगळं गाव एकदम फुंकर घालायला लागलं, आणि आंब्याखाली दोन केळीची पानं उडून मावसभावांच्या डोक्यावर बसली.

प्रधानजींची जीभ चांगलीच पोळली होती. त्यामुळे उष्टी पानं त्यांनी एक शब्द न बोलता उचलली.

तात्पर्य एवढंच: मांडतानाच थोडी जागा राखावी आणि भरेल तिथंच तोडून दोन करावं, म्हणजे नवा आपल्या जागी बसतो आणि जुन्यांचा भात गार होत नाही.