धुरपदा लोहारीण आणि नऊ तवे

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. लहानांनी पुढे सरका, मोठ्यांनी मागून ऐका. आमच्या कोळसर गावात हार्वेस्टर पहिल्यांदा आला तो मुळात म्हाताराच होता. निवृत्ती ड्रायव्हरने तो कुठून तरी आणला, आणि गावाने त्याच्या भरवशावर विळे माळ्यावर टाकून दिले.

त्या साली ज्वारी हातची गेलेली. गहू तेवढा पिकून उभा होता. फाल्गुनाचे दिवस, आभाळ काळं, गारपीट होणार हे शेंबड्या पोरालाही कळावं, आणि नेमका तेव्हाच यंत्रातला पिळाचा दांडा गेला. हाच दांडा फिरून दाणे टाकीत चढवायचा. त्याचे पीळ झिजून फाटले होते. शहर दोन दिवसांच्या वाटेवर, हातांनी कापायचं तर चार दिवस. गहू गेला असता तर वर्षभर गावाने खायचं काय? निवृत्ती बांधावर डोकं धरून बसला.

तेव्हा धुरपदा लोहारीण आली. तिने दांडा निरखला, घरी गेली आणि भाता, कोळसा आणि आपला भाकरीचा तवा घेऊन परतली. बांधावरच भट्टी पेटवली. तव्याला मधोमध भोक पाडलं, कडेपर्यंत चीर दिली, लाल केला, आणि सांडशीने दोन टोकं दोन बाजूंना ओढली. तव्याचा पीळ झाला! असं म्हणतात, की लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या जरा लवकरच झाल्या. पीळ उलटा वळला होता. दांड्यावर बसवून यंत्र फिरवलं, तर दाणे वर चढायचे सोडून खाली पळाले.

"माझा तर गेला," धुरपदा हसून म्हणाली. "आता तुमचे काढा."

बाया मागे सरकल्या. "तवा दिल्यावर भाकरी कशावर करावी गं?" इंदराबाईने विचारलं.

"अन् गहूच गेला तर काय तवा चाटत बसशील का?"

इंदराबाईने पदर खोचला आणि घराकडे निघाली. तिच्यामागे सगळ्या. कुणी म्हणतं नऊ तवे आले, कुणी म्हणतं चाळीस. मला विचाराल तर नऊ पुरेत, पण चाळीस ऐकायला बरे वाटतात. धुरपदाने या वेळी सगळे सुलट वळवले आणि एकापुढे एक दांड्यावर बसवले.

असं म्हणतात, गार शिवेवर येऊन उभी राहिली, ती पुढे सरकेचना. यंत्र सुरू झालं तेव्हा आतून भाकरी थापल्याचा आवाज यायचा, आणि टाकीत पडणाऱ्या गव्हाला चुलीचा वास होता. शेवटच्या ट्रॉलीवर ताडपत्री बांधली, आणि मग गार कोसळली ती मोकळ्या रानावर. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. निवृत्ती तर रडता रडता हसत होता. गावात तवा उरला नव्हता, म्हणून धुरपदाच्या अंगणात नव्या गव्हाच्या घुगऱ्या शिजवल्या आणि सगळं गाव पोटभर जेवलं.

आता धुरपदा नाही, ते यंत्रही नाही. पण गव्हाची शेवटची ट्रॉली आली, की कोळसरला त्या दिवशी तवे माळ्यावर जातात, कुणी तवा तापवत नाही. लोहाराच्या अंगणात घुगऱ्या शिजतात, पहिली वाटी धुरपदाच्या नावाची. घरात नवी सून असली तर ती सवयीने तवा शोधत बसते.

"नको शोधू बाई," सासू म्हणते. "आज तवा रानात गेलाय."