कोठारात न गेलेले बी

पूर्वी हिमवंताच्या पायथ्याशी शैलवती नावाच्या नगरीवर दृढवर्मा राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या कोठाऱ्यांच्या घराण्यात जन्माला आला. त्याचे नाव पर्णदत्त. वडिलांमागून राजाची सगळी कोठारे त्याच्या हाती आली. धान्य दाताखाली कट्‌कन मोडेपर्यंत उन्हात वाळवायचे, मग राख आणि कडुनिंबाचा पाला घालून रांजणाचे तोंड मातीने लिंपायचे, ही त्या घराण्याची रीत होती. दुष्काळातही शैलवतीत कुणी उपाशी निजले नाही, ते या रीतीमुळेच.

नगरीभोवतीचे डोंगर मात्र उघडे पडले होते. बांज म्हणजे हिमालयातला ओक. त्याच्या मुळांशी पाणी थांबते. राजाच्या वडिलांनी या डोंगरांवरचे बांज तोडून त्यांचा कोळसा केला होता. झाडे गेली तसे झरे आटले, आणि एका पावसाळ्यात डोंगराची कूस घसरून खाली आली. तिच्याखाली कुरंगी नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळणीचा कर्ता मुलगा गेला.

मग राजाने डोंगर पुन्हा लावायचे मनावर घेतले. वरच्या शिखरावर देवीच्या ठाण्याभोवती बांजांची एकच राई उरली होती. मेंढपाळांनी तिथले बी वेचावे, कोठाऱ्याने ते हिवाळाभर सांभाळावे आणि बर्फ वितळल्यावर पेरावे, असे ठरले. टोपली खाली ठेवताना कुरंगीने सांगितले, की या बियांना ऊन दाखवू नका. पर्णदत्त हसला. शेळ्यामेंढ्यांमागे फिरणाऱ्यांनी कोठार शिकवावे, याची त्याला गंमत वाटली. त्याने बिया खळ्यावर पसरल्या, खुळखुळ वाजेपर्यंत वाळवल्या आणि रांजणांत लिंपून ठेवल्या.

पेरणी झाली. वसंत सरला, पाऊस आला. एकही कोंब वर आला नाही.

दरबारात अमात्य म्हणाला, की मेंढपाळांनी मुद्दामच किडके बी दिले. रान वाढले तर त्यांची कुरणे जातील ना. राजाला ते पटले. पौर्णिमेच्या आत मेंढपाळांनी डोंगर सोडावा, अशी आज्ञा झाली. पर्णदत्ताला कुणी काही विचारले नाही. त्याच्या कोठाराविषयी शंका घ्यावी, हे कुणाच्या मनातही आले नाही.

त्याच्या मनात मात्र ते हसणे राहून राहून येत होते. घरी जाऊन त्याने तळाशी उरलेले एक बी फोडले. आतला गर सुकून आक्रसला होता. कीड कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी तो आयुष्यात पहिल्यांदाच त्या राईपर्यंत चढून गेला. झाडांखाली कुजक्या पाल्याचा ओला थर होता. त्याने तो हाताने सारला, तर खाली वीतभर रोप, आणि त्याच्या बुडाशी फुटलेले बी अजून चिकटलेले.

रोप आणि वाळके बी घेऊन तो कुरंगीसह राजापुढे उभा राहिला.

राजा म्हणाला, "जपून बोल, पर्णदत्ता. दोष कोठाराचा ठरला, तर किल्ल्या तुझ्याकडे ठेवता येणार नाहीत."

"महाराज, जे बी माझ्या कोठारात आलं नाही, तेवढंच जगलं," पर्णदत्त म्हणाला. "या आईनं मला आधीच सांगितलं होतं. मी हसलो."

राजाने मेंढपाळांवरची आज्ञा मागे घेतली, आणि किल्ल्याही. डोंगराला पालवी दिसेपर्यंत पर्णदत्ताने मेंढपाळांतच राहावे, असे सांगितले.

कुरंगीने त्याला झोपडीत जागा दिली. "कोठारी, इथं कुलूप लावायला दारच नाही," ती म्हणाली. "मेंढ्यांकडे पाठ करून नीज. त्या घोरतात." काल त्याला अहोजाहो करणारी बाई आज अरेतुरे करत होती. ते त्याला बरे वाटले.

हिवाळ्याच्या तोंडाशी बी पडू लागले. उंदीर आणि पाखरे त्यावर टपलेली असत, म्हणून ते पडल्या दिवशीच वेचायचे. मग पाण्यात टाकायचे. तरंगले ते पोकळ, बुडाले ते खरे. पर्णदत्ताने सावलीच्या उतारावर खड्डे खणले, ओली वाळू आणि राईतला पाला यांच्या थरांत बी निजवले आणि वरून दगड रचले. बर्फाने त्यावर पांघरूण घातले. वसंतात दगड काढले, तेव्हा बियांची टोके उकलून पांढरे मूळ डोकावत होते.

पहिले बी कुठे लावायचे, ते कुरंगीनेच सांगितले. घसरलेल्या कुशीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "माझा तिथं आहे. त्याच्यावर नुसती माती बरी दिसत नाही."

तिथेच लावले. दिवसांमागून दिवस गेले, वर काही दिसेना. पाहणीला आलेला अमात्य हसून म्हणाला, की यंदा कोठारही नव्हते, आता दोष कुणाचा? आपण पुन्हा चुकलो की काय, असे पर्णदत्तालाही वाटू लागले होते. तेव्हा कुरंगी म्हणाली, "उकर आणि दाखव त्यांना. एकच हं."

त्याने हलक्या हाताने माती सारली. वर कोंबाचा पत्ता नव्हता, पण मूळ हातभर खोल गेले होते आणि अजून खालीच चालले होते. अमात्य वाकून पाहत राहिला. मग आपल्या हाताने त्याने माती परत लोटली.

पंधरवड्यात तांबूस पाने वर आली. घसरलेली कूस पुन्हा कधी हलली नाही. पुढे कितीतरी हिवाळ्यांनी, झाडे छातीएवढी झाली असताना, त्या कुशीच्या पायथ्याशी दगडांतून पाणी झिरपू लागले. कुरंगीने ओंजळ भरून आधी झाडांना घातले आणि मग स्वतः प्यायली.

ही गोष्ट शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, सांगत होते. समोर सोणदिन्ना थेरी, म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी, बसली होती. पुत्रशोकातून ती संघात आली होती. विहारात पेरलेले बी उगवले का म्हणून रोज उकरून पाहणारा भिक्षू चंडक जवळच होता, आणि त्या विहाराला जमीन देणारा वृद्ध उपासकही. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आजचा हा उपासक. अमात्य म्हणजे चंडक. कुरंगी म्हणजे सोणदिन्ना. आणि हसणारा कोठारी मीच होतो. त्या जन्मी मी जी पारमिता, म्हणजे गुणाची परिपूर्णता, साधली, ती सत्याची."

दुसऱ्या दिवशी सकाळी चंडकाने बियांना पाणी घातले. माती मात्र उकरली नाही.