मैनेचं खोगीर

फार पूर्वीची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावामागचा डोंगर मध्येच खोलगट होऊन दोन्ही अंगांनी वर चढलेला, म्हणून तिथल्या वाटेला सगळे खोगीरखिंड म्हणत. त्या गावात एक जीनगर राहत असे. घोड्याचं खोगीर, उंटाचं पालाण, ओझ्याच्या बैलाची गादी, जनावराच्या पाठीवर जे जे बसतं ते ते हा शिवायचा. हात मोठा कसबी आणि स्वभाव तेवढाच तिरसट.

जनावर दारात आल्याशिवाय तो दाभणात दोरा ओवत नसे. एखादं गिऱ्हाईक म्हणायचं, "माप सांगतो ना मी. त्यासाठी घोडं कशाला आणायचं?"

"सांगितलेल्या मापाचं खोगीर सांगणाऱ्याच्याच पाठीवर बसतं," जीनगर म्हणायचा. गिऱ्हाईक मुकाट्याने घोडं घेऊन यायचं. मग हा डोळे मिटून दोन्ही तळवे घोड्याच्या पाठीवरून फिरवायचा. कुठे उंचवटा, कुठे खळगा, सगळं त्याच्या हातांना कळायचं.

त्याला राणू नावाचा एकुलता एक मुलगा होता. राणूने मैना नावाची एक तांबडी घोडी शिंगरू असल्यापासून वाढवली होती. घोडी भरात आली तेव्हा बापाने तिचं खोगीर शिवायला घेतलं. ते अर्धवट असतानाच राजाचं एक पथक गावावरून चाललं आणि राणू त्यात दाखल झाला.

"दोन दिवस थांब," जीनगर म्हणाला. "खोगीर पुरं होऊ दे."

"पथक थांबत नाही, बा," राणू म्हणाला. त्याने मैनेच्या पाठीवर घोंगडी टाकली आणि तो खिंडीतून निघून गेला. जीनगर अर्धं शिवलेलं खोगीर हातात धरून अंगणात उभा राहिला. साऱ्या मुलखाला खोगिरं पुरवली आणि पोटचं पोर घोंगडीवर गेलं, हे त्याच्या मनाला फार लागलं.

खोगीर त्याने पुरं केलं आणि खुंटीला टांगलं. दर वर्षी तो ते उसवायचा, आतली लोकर पिंजायचा, पुन्हा भरायचा, चामड्याला तेल पाजायचा. एका सरदाराने ते मागितलं तेव्हा म्हणाला, "याची घोडी यायची आहे." जीनगरीण रोज तिन्हीसांजेला दाराशी बसून खिंडीकडे बघायची. दोघंही राणूबद्दल फारसं बोलत नसत. बोललं की जेवण जात नसे. अशी किती वर्षं गेली ते सांगत बसलो तर गोष्टीत नुसती खोगीरभरती होईल, म्हणून ती सोडून देतो.

एका दुपारी खिंडीतून एक स्वार हळूहळू उतरला. आधी घोडी ओळखू आली, मग मुलगा. राणूच्या कानशिलांवर पांढरे केस आले होते आणि घोडीवरून उतरल्यावर त्याचा एक पाय लंगडत होता. आईने त्याला पोटाशी धरलं ते सोडीचना. बाप एवढंच म्हणाला, "आलास." आणि डोळे पुसत आत गेला.

बाहेर आला तो खोगीर घेऊनच. मैनेच्या पाठीवर राणूचं जुनं, ठिगळं लावलेलं खोगीर होतं. जीनगराने ते ओढून काढलं, जागच्या जागी चिरून त्याच्या पट्ट्या केल्या आणि आपलं खोगीर चढवलं. मैना आता म्हातारी झाली होती. पाठ मधे खचलेली, मानेच्या मुळाशी हाड वर आलेलं. पण आयुष्यभर ज्याने पाठीवर हात फिरवल्यावाचून टाका घातला नाही, त्याने आज हात फिरवलाच नाही. त्याला समोर तीच भरातली तांबडी घोडी दिसत होती. राणूला खोगीर पुढे रुततंय, मधे अधांतरी राहतंय, हे दिसलं. त्याने बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी बाप म्हणाला, "जा, खिंडीपर्यंत जाऊन ये. गाव बघू दे."

राणू गेला खरा, पण परत आला तो पायी, लंगडत. खोगीर त्याच्या खांद्यावर होतं आणि मैनेच्या मानेच्या मुळाशी कातडं सोलून रक्त आलं होतं. जीनगराने ती जखम पाहिली आणि राणूकडे वळला.

"तुला आधी कळलं नाही?"

"कळलं होतं, बा."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही एवढी वर्षं ते सांभाळलंत. कसं बोलणार?" राणू थोडा घुटमळला. "आणखीही एक बोललो नाही. डोंगरापलीकडे बऱ्याच मुक्कामांवर माझं घर आहे. बायको आहे, लहान मुलगी आहे. पेरणीच्या आत मला जायला हवं. आई म्हणते आता कायमचा आलास, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नाही."

 जीनगराने हळद आणि लोणी कालवून जखमेवर लावलं. जखम भरत आली, पण राणूला जाता येईना. लंगड्या पायाला एवढी मजल झेपणारी नव्हती, मैनेच्या खचलेल्या पाठीला आता नुसती घोंगडी पुरणारी नव्हती आणि जुन्या खोगिराच्या तर पट्ट्या झाल्या होत्या. खुंटीवरचं खोगीर उसवून मैनेच्या आताच्या पाठीला जुळवायचं, तर ते काम बापाच्या हातात. आणि बापाचा हात काही चालेना. एक दिवस लोकर दमट निघाली. एक दिवस दोरा कच्चा निघाला. एक दिवस तर दाभणच सापडेना, आणि ते त्याच्या पागोट्यात खोचलेलं होतं. जीनगरिणीला ते दिसत होतं. तीही गप्प राहिली, कारण तिलाही राणू घरात हवा होता.

राणू बापाला घाई करत नव्हता. फक्त तिन्हीसांज झाली की तो दाराशी जाऊन बसायचा आणि खिंडीकडे बघायचा.

एकदा जीनगर गोठ्यातून येत होता. दाराशी बसलेल्या राणूचा चेहरा त्याला दिसला आणि तो तिथेच थांबला. असंच तोंड करून त्याची बायको वर्षानुवर्षं तिथे बसत आली होती. म्हणजे डोंगराच्या पलीकडच्या कुठल्यातरी दारात एक लहान मुलगी आत्ता अशीच बसली असणार, हे त्याच्या मनात आलं. वाट बघणं काय असतं हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक नाही, आणि तेच आपण आपल्या नातीच्या दारात नेऊन ठेवलंय.

तो राणूशेजारी जाऊन बसला. "पोरीचं नाव काय रे?"

"ठकू."

"इतके दिवस विचारलंच नाही मी."

सकाळी उजाडल्या उजाडल्या त्याने खोगीर मांडीवर घेतलं आणि सुरीने टाके कापले. सगळी लोकर अंगणात काढून टाकली. मग मैनेपाशी गेला, डोळे मिटले आणि तिच्या पाठीवरून दोन्ही तळवे फिरवले. "ही पाठ एवढी खचली कशाने?" त्याने विचारलं. राणू सांगू लागला. पाय कसा गेला, मैनेने दोन जखमी माणसांना पाठीवर घेऊन नदीपार कसं नेलं, पथक सोडून तो शेती का करू लागला, सगळं सांगितलं. जीनगर शिवत होता आणि ऐकत होता. जीनगरीण उंबऱ्यावर बसून ऐकत होती. खुंटीवरच्या खोगिराने त्यांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

खोगीर बसलं. पोटाखालचा तंग आवळला तरी मैनेने कान हलवला नाही. आईने भाकऱ्या बांधून दिल्या, ठकूसाठी वेगळी पुरचुंडी दिली, आणि राणू निघाला.

दोघं अंगणात उभी राहिली. सूर्य कलायला लागला होता आणि घोडी अजून चढावरच होती.

"रडताय का?" जीनगरिणीने विचारलं.

"रडतोय," तो म्हणाला. "आणि मनात म्हणतोय, जरा लवकर चाल बाई. वाट लांबची आहे. पोर दारात बसली असेल."

आजवर त्या खिंडीतून कोणीतरी उतरावं म्हणून तो झुरला होता. कोणी ती लवकर ओलांडावी असं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. सुगी झाल्यावर राणू बायकोला आणि ठकूला घेऊन आला, आणि पुढेही दर सुगीला येत राहिला.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: आठवणीतल्या माणसाला धरून बसलं की दारात आलेलं माणूस दुखावतं. माया करायची ती आज समोर आहे त्याच्याकडे बघून करावी, आणि त्याची वाट पाहणारं दुसरं कोणी असेल तर त्याला वेळेत जाऊ द्यावं.